डिकीतले गहू

“बॉनेट उघडून ठेव,” ओरेस्त गाडीखालून ओरडला. “अंधार आणि ऊब मिळाली की उंदरीण बाळंतपणाला येते.”

मी बॉनेट वर करून त्याला दांडी लावली. चौऱ्याहत्तर वर्षांचा ओरेस्त थंडगार फरशीवर उताणा पडून सायलेन्सरच्या नळीत तारेची घासणी कोंबत होता. त्याची बायको लेस्या टायरांपाशी सापळे मांडत होती आणि माझ्याशी चकार शब्द बोलत नव्हती. बोलेल कशाला?

बर्फ पडायच्या आत गावातल्या जपून वापरायच्या गाड्या ओरेस्तच्या शेडमध्ये येतात, त्या एप्रिलात बाहेर निघतात. गेल्या वर्षी नऊ होत्या. यंदा एकच, माझी. बाकीच्या आल्या नाहीत, त्याला कारणही मीच.

माझा नवरा वसिल जानेवारीत गेला. एप्रिलात मी त्याची गाडी घ्यायला आले, तर मागच्या सीटमध्ये उंदरांचं घरटं आणि वायरी कुरतडलेल्या. त्या रविवारी चर्चच्या दारात मी चारचौघांत म्हणाले, “ओरेस्तचे डोळे गेलेत. त्याच्याकडे गाडी ठेवणं म्हणजे उंदरांना आंदण देणं.” माझी जीभ लहानपणापासून अशीच आहे. ओरेस्त टोपी हातात धरून उभा होता. “चुकलं माझं,” एवढंच तो म्हणाला, आणि महिनाभर खपून एकेक वायर त्याने बदलून दिली. आता दुसरीकडे कुठे जागा मिळेना, म्हणून मी नाक मुठीत धरून पुन्हा त्याच्याच दारी आले होते.

“ओरेस्त, एक विचारायचं होतं,” मी म्हणाले. “यंदाच्या नाताळच्या खिरीसाठी वसिलने गेल्या सुगीत आपल्या शेतातले गहू वेगळे काढले होते. अख्खी गोणी. घर पालथं घातलं, सापडत नाही. तुला काही बोलला होता का?”

गाडीखालची खुडबूड थांबली.

“नाही बुवा.”

लेस्याने हातातला सापळा आपटला. “पुरे झालं आता, ओरेस्त! बाईसाहेब, तुमची गोणी डिकीत होती. इथे आणताना चिखलात गाडी घसरू नये म्हणून वजनाला ठेवलेली. ह्याने तीनदा विचारलं, वसिल, डिकी रिकामी आहे ना? शपथेवर रिकामी, म्हणाला तुमचा नवरा! आता गव्हाच्या गोणीला उंदीर नाही तर काय हरणं येणार?”

“मग मला का नाही सांगितलंस?” मी गाडीखाली वाकून ओरेस्तला विचारलं.

ओरेस्त हळूहळू बाहेर सरकला. उठताना त्याला दोनदा हात टेकावे लागले.

“तू यायच्या आदल्या दिवशी बॅटरी बसवताना डिकी उघडली, तेव्हा दिसली. जाळून टाकली.” त्याने गुडघे झटकले. “वसिल गेला होता, स्तेफा. त्याला येऊन काही सांगता आलं नसतं. मी आहे ना जिवंत. मला बोललेलं चालतं.”

वसिलचा राग आला, रडूही आलं. ह्या माणसाने सहा महिने स्वतःचं नाव घालवून माझ्या नवऱ्याचं राखलं होतं, आणि मी त्याचे उपकारसुद्धा मानले नव्हते.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये सुगीचं जेवण होतं. टर्की, कोबीच्या पानातला भात, सगळं गाव हजर. प्रार्थना झाली आणि मी उभी राहिले.

“एप्रिलात मी ओरेस्तबद्दल बोलले ते खोटं होतं,” मी म्हणाले. “डिकीत गव्हाची गोणी होती. आमच्या वसिलने ठेवलेली, आणि डिकी रिकामी आहे असं शपथेवर सांगितलेलं. ओरेस्तला ते नंतर कळलं, तरी तो गप्प बसला. वसिलला हसायचं तर हसा, तोही हसला असता. पण ह्या माणसाची मी सगळ्यांसमोर माफी मागते.”

“खाली बस, स्तेफा,” ओरेस्त पुटपुटला. “जेवण थंड होतंय.”

“वसिलने शपथेवर सांगितलं होतं?” मागून म्हातारा पेत्रो ओरडला. “मलाही त्याने घोडा शपथेवरच विकला होता!”

हॉल हसला. मीही हसले, डोळे पुसत. पेत्रोने पुन्हा विचारलं, “ओरेस्त, शेडमध्ये जागा आहे का रे?”

“आहे,” ओरेस्त म्हणाला. “पण यंदा डिकी मी स्वतः उघडून बघणार.”

आणि प्रार्थनेपासून मांडीवर लपवून ठेवलेले, ग्रीसने काळे पडलेले दोन्ही हात त्याने वर घेतले आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवले.