बिनजिन्याचं घर

माझी भाची सुलेखा कॉलेजसाठी दुसऱ्या गावी गेली, ते १९८५ साल. त्याच नोव्हेंबरात तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ गिरीश, सांता क्लाराच्या अपार्टमेंटच्या जिन्यात बायकोची चाकांची खुर्ची वरून धरून उभा होता आणि पुढच्या पायरीवर पाय टाकायला धजत नव्हता.

“बाबा, डोन्ट ड्रॉप हर,” खालची बाजू धरलेली सुलेखा म्हणाली. सुट्टीला आली होती.

“अहो, थांबा जरा. तुम्हालाच धाप लागलीय,” कांचन खुर्चीतून म्हणाली.

कांचनच्या पायांतलं बळ गेलं होतं. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, त्यामुळे डॉक्टरकडे जायचं असलं तरच ती खाली उतरे. सुलेखा गेल्यापासून दिवसभर आत एकटीच. “अक्का, आग लागली तर ती काय करेल?” गिरीश मला दर फोनवर विचारायचा. शेवटी त्याने फॅक्टरीत बनवलेलं घर घेतलं. त्याचे दोन अर्धे भाग ट्रकवरून आले आणि मोबाइल होम पार्कमधल्या, म्हणजे अशाच घरांच्या वसाहतीतल्या, जागेवर जोडले गेले.

जवळच क्युपर्टिनोत राहणाऱ्या त्याच्या मित्राने, चंद्रशेखरने, त्याला चिडवलं होतं, “यार, आम्ही घरं बांधतो, तू पार्सल मागवलंस. वारा सुटला की आमच्याकडे झोपायला ये.”

“चंदू, तुझ्या बेडरूमला जिना आहे. माझ्याकडे नाही. दारंसुद्धा रुंद ऑर्डर केलीत, खुर्ची आरामात जाते.”

पण गृहप्रवेशाला मी आणि सुलेखा गेलो होतो, त्या दिवशी खुर्ची गेली नाही. दारापुढच्या उतारावरून वर चढली आणि दारात अडली. त्या घराला उंबरठा नव्हता, आणि उंबरठ्याशिवाय गृहप्रवेश कसला, म्हणून गिरीशनेच आदल्या दिवशी लाकडाची जाड पट्टी ठोकून तिला हळदकुंकू लावलं होतं.

त्याचा चेहरा उतरला. “काढतो, लगेच काढतो.” तो हातोडी शोधू लागला.

“राहू द्या,” कांचन म्हणाली. “वन्सं, मला धरा.”

“पडशील गं.”

“पडले तर माझ्याच घरात पडेन. धरा.”

मी आणि गिरीशने तिला दोन्हीकडून उभं केलं. उजवा पाय उचलेना. तिने गुडघ्यापाशी साडी मुठीत धरली आणि हातानेच तो पाय ओढून आत ठेवला. डावा सुलेखाने वाकून ठेवला.

खुर्ची उचलून आत घेतली. तीत टेकल्यावर कांचन म्हणाली, “आता ही पट्टी काढा. मला बाहेर जायचंय.”

गिरीशने पट्टी उखडली. ती स्वतः चाकं फिरवत उतारावरून खाली निघाली. तो हात पुढे करून मागोमाग.

“मागे येऊ नका,” ती म्हणाली. तो थांबला, पण हात खाली घेतले नाहीत.

पुढे ती रोजच बाहेर असायची. शेजारणीकडे, पत्रपेटीपाशी, नाहीतर नुसती उन्हात. गिरीशने ऑफिसातून केलेला फोन तिने उचलला नाही की तो घाबरा होऊन मला करायचा. “असेल बाहेर,” मी सांगायची.

एका दुपारी त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी घरी फोन केला. कांचन बाहेर होती, म्हणून मग गिरीशच्या टेबलावर लिहिलेल्या माझ्या नंबरवर केला. गिरीश हृदयविकाराने गेला, १९ ऑगस्ट १९८७ रोजी.