हिरवा इसिद्रो

संत इसिद्रोचा सण तोंडावर आला आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या ओतिलियानं नवऱ्याशी बोलणं टाकलं.

आमच्या दोन घरांमध्ये फळ्यांची एकच भिंत. त्यामुळं भांडण मला ऐकावंच लागलं. भिंतीला कान लावला होता, ही गोष्ट वेगळी.

"आवं, एवढी वर्सं गाडं रंगवताय. खाली नाव तुमचं एकट्याचंच का?"

"मग कुनाचं घालू? बैलाचं?" तिबुर्सियो म्हणाला.

"माजं घाला."

"तुजं? तू काय करतीस? नुसतं रंगाचं डबं तर देतीस हातात!"

पलीकडून ओतिलियाचा थंड आवाज आला, "बरं. आता डबं बी तुमचं तुमीच घ्या."

यातली खोच गावाला ठाऊक नव्हती; मला ती त्या भिंतीनं सांगितली होती. तिबुर्सियोला जन्मापासून लाल आणि हिरव्यातला फरक कळत नसे. पोरपणी कॉफीच्या तोडणीला गेला, तर पिकल्या लाल फळांबरोबर कच्ची हिरवीही ओरबाडून टोपलीत टाकायचा. मुकादमानं कान धरून मळ्याबाहेर काढला. गाव म्हणालं, "कलावंताचं ध्यान असल्या कामात कुठून असायला!" असा तो कुंचला हातात धरायच्या आधीच कलावंत झाला.

हात मात्र खरा होता. गाडा मी जोडायचो, चाकं मी करायचो, आणि त्यांवर तो वेल, फुलं, चांदण्या अशा काढायचा की बैलालाही मागं वळून बघावंसं वाटावं. रंग ओतिलिया कालवायची. शेजारी काळा घेवडा निवडत बसायची आणि डबा पुढं करायची, "ह्यो पाकळीला. ह्यो पानाला." येणारेजाणारे म्हणायचे, "काय रंगाची नजर आहे तिबुर्सियोची! अख्ख्या कोस्टा रिकात नसेल!" ओतिलिया मान खाली घालून घेवड्यातला खडा जरा लांब फेकायची.

या खेपेचा गाडा मळेवाल्या लिसिमाकोचा. मिरवणुकीत सगळ्यांत पुढं जाणारा. तो फसला, तर पंचक्रोशीत तिबुर्सियोला कुणी काम देणार नव्हतं. आणि कॉफी तोडायला तर त्याला कुणी घेत नव्हतंच. गाड्याचा नारिंगी रंग भांडणाआधी चढला होता. फुलं राहिली होती, पानं राहिली होती, आणि पुढच्या फळीवर खुद्द शेतकऱ्यांचा इसिद्रोबाबा.

दुसऱ्या दिवशी तिबुर्सियो डबा घेऊन माझ्या अंगणात.

"गड्या, ह्यो कसा वाटतुया?"

"डब्यासारखा."

"तसं न्हवं. आतला रंग?"

"ओला हाय."

"न्हाई, म्हंजे... गुलाबाला शोभंल का?"

"तुज्यासारख्या नजरंच्या मानसाला मी काय सांगू बाबा? मी सुतार मानूस."

'यातला लाल कुठला' एवढं विचारलं असतं, तर सांगितलं असतं. पण त्याचं नाक त्याच्या कुंचल्याहून लांब. गेला तणतणत.

सणाला पाऊस भुरभुरत होता. तांबड्या चिखलात, चर्चपुढं, गाड्यांची रांग लागली. लिसिमाकोनं ऐटीत आपल्या गाड्यावरचं कापड ओढलं. गुलाब हिरवेगार, पानं पिकल्या मिरचीसारखी लाल, आणि इसिद्रोबाबाचं तोंड पावसाळ्यातल्या दगडासारखं शेवाळलेलं.

आधी पोरं हसली, मग बाया. पाद्रीबाबांनी पवित्र पाण्याचं भांडं तोंडापुढं धरलं. तिबुर्सियोला वाटलं, गाव खूश झालं. त्यानं टोपी काढून कमरेत वाकून चहूकडं मुजरे केले.

"बाबाला काय इंचू चावला व्हय रं?" कुणीतरी ओरडलं.

"कच्ची केळी खाल्ली असत्याल!"

लिसिमाको लालबुंद झाला. तिबुर्सियोला तेही दिसलं नसावं.

"माज्या गाड्यावर हिरवा संत? आरं, कलावंत हायस का कोन हायस?"

तिबुर्सियोची टोपी हातातच राहिली. भेदरलेल्या नजरेनं तो गर्दीत बायकोला शोधायला लागला. ओतिलिया चर्चच्या पायरीवर बसून केळीच्या पानात उकडलेला मक्याचा तामाल खात होती. तिनं तो पुरता संपवला, बोटं पुसली, झोळी उचलली आणि मग आली.

"वरडू नगा, मालक. ह्ये अस्तर हाय."

"अस्तर?"

"व्हय. जुनी जानती रंगारी मुखड्याखाली, फुलांखाली आदी हिरवा देत्यात, पानांखाली लाल. मग वरचा रंग जित्ता दिसतो. सणाच्या घाईत वरचा हात ऱ्हायला. उद्या आमी देतो. तुमास्नी ठावं न्हवतं व्हय?"

लिसिमाकोला एखादी गोष्ट ठाऊक नाही, हेच लिसिमाकोला ठाऊक नव्हतं.

"ठावं हाय की!" तो गरजला आणि गर्दीकडं वळला. "अस्तर हाय त्ये, गाढवांनो! कदी बघितलं न्हाई का?"

गर्दीला लगेच अस्तर दिसायला लागलं. "अस्तरच असं, तर वरचा रंग कसा असंल!" म्हणून दोघातिघांनी मानाही डोलावल्या.

ओतिलिया नवऱ्याजवळ सरकली. "नाव घालायचं ऱ्हायलंय."

"माजं घातलंय की," तो पुटपुटला.

"मग सांगू मालकास्नी, अस्तरबिस्तर काय न्हाई म्हनून?"

तिबुर्सियोनं गुमान चिखलात गुडघे टेकले. ओतिलियानं झोळीतून कुंचला काढून त्याच्या हातात दिला, डबे ओळीनं पुढं मांडले. तो बराच वेळ त्या डब्यांकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "कुठल्या रंगात लिवू?"

"काळ्यात लिवा," ओतिलिया म्हणाली. "तेवढा तरी तुमचा तुमास्नी दिसतो."