शेवट बाबा सांगतील

मी इअरफोन बोलतोय. जरा जवळ या, माझं डावं बोंड हल्ली फार हळू बोलतं.

ताईच्या मोबाईलच्या खोक्यातून मी या घरात आलो आणि ड्रॉवरमध्ये पडून राहिलो. तिथे माझ्या वायरला आपोआप गाठी पडत. त्या कोण मारतं, हे आम्हालाही माहीत नाही.

या घरात सिनेमे बघायचे ते दिवाणखान्यातल्या टीव्हीवर, आवाज मोठा करून. माझी गरजच नव्हती. गरज होती ती बाबांच्या तोंडाला कुलूप लावायची. सिनेमा सुरू झाला रे झाला की बाबा शेवट सांगून मोकळे! "हा मरणार बघ." आई उशी फेकून मारायची. "अहो, तुम्ही पाहिलाय का हा?" "पाहायला कशाला हवा?" बाबा म्हणायचे.

मग एके दिवशी बाबांच्या हृदयाने दगा दिला. धावपळीत ताईने चार्जरबरोबर मलाही पिशवीत कोंबलं.

हॉस्पिटलात आयसीयूच्या आत बाबा, बेशुद्ध, तोंडात श्वासाची नळी. बाहेर लोखंडी बाकावर आई आणि ताई. डॉक्टर रोज म्हणायचे, "वाट बघू या." माणसांना ते अजिबात जमत नाही. भिंतीवरच्या सूचनासुद्धा दोघींच्या पाठ झाल्या. शेवटी ताईने माझ्या गाठी सोडवल्या, एक बोंड आईच्या कानात घातलं, एक स्वतःच्या, आणि मोबाईलवर सिनेमा लावला.

माझी वायर आखूड, म्हणून दोघी डोक्याला डोकं लावून बसायच्या. आतलं दार वाजलं की आई ताडकन उठायची, त्या झटक्याने ताईचं बोंडही निघायचं आणि मी लोंबकळत राहायचो.

आत्या, म्हणजे बाबांची बहीण, आली ती हे बघून भडकलीच. "वहिनी, माझा भाऊ आत मरणाशी झुंजतोय आणि तुम्ही सिनेमे बघताय?"

"रडून झालं, वन्सं," आई म्हणाली. "परत येईल रडू. तोवर बसा."

आत्या फुरंगटून बसली. थोड्या वेळाने तिने ताईच्या कानातलं बोंड काढून स्वतःच्या कानात घातलं. "हा टोपीवाला कोण?"

पण एकही सिनेमा पुरा झाला नाही. शेवट जवळ आला की आई म्हणायची, "बंद कर. शेवट ते सांगतील." ताई मुकाट्याने बंद करायची. मला फार राग यायचा. कानात बसून पडदा तर दिसतच नाही, निदान ऐकू तरी द्या! मग एकदा आईचा हुंदका माझ्या बोंडाशी ऐकला आणि माझा राग गेला.

नळी निघाली त्या दुपारी नर्स म्हणाली, "पाचच मिनिटं हं." आईने डावं बोंड बाबांच्या कानात अलगद बसवलं. ताईने अर्धवट राहिलेला खुनाचा सिनेमा लावला. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "वॉचमन. खून त्यानेच केलाय."

आई रडता रडता हसली. उशी जवळच होती, पण फेकली नाही.

आता बाबा घरी आहेत. डावं बोंड जवळपास मुकं झालंय, पण ताई मला टाकत नाही. त्या सिनेमाचा शेवट मायलेकींनी नंतर गुपचूप बघितला. खुनी डॉक्टर निघाला. वॉचमन बिचारा गावीच गेला होता.

बाबांना हे कुणी सांगितलेलं नाही. कृपा करून तुम्हीही सांगू नका.