पाठीवरच्या डब्यातले पाणी

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. पूर्वी पोहायला शिकणाऱ्या माणसाच्या पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधत असत, त्यांतलाच मी एक आहे. आता माझ्या कडांना गंज चढला आहे. तलावाच्या कोठीत फाटक्या टोप्या, मुक्या झालेल्या शिट्ट्या आणि एक तीन पायांची खुर्ची यांच्या संगतीत मी दिवस काढतो. बसून राहणाऱ्याला आठवणी फार येतात. माझ्या आठवणींत कौतुकाच्या कमी आणि लाजेच्या जास्त. लाजेचीच एक सांगतो.

मी जन्माने तेलाचा लहानसा डबा. तेल संपले तेव्हा माझी वाट भंगाराची होती. पण पत्र्याचे काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला उचलले, गरम पाण्याने घासून धुतले, तोंडावर पत्रा बसवला आणि कडेकडेने वितळल्या कथलाचा डाख देऊन मला बंद करून टाकले. एका कोपऱ्यात करंगळी जाईल एवढे भोक ठेवले आणि त्याला लाकडाचे बूच मारले. अंगाला दोन कड्या जोडल्या, त्यांतून कापडी पट्टे ओवले. मग मला कानाशी नेऊन हलवले आणि म्हणाला, "आत काही नाही. झालास कामाचा!"

जगातल्या बाकीच्या भांड्यांना आत काय आहे यावरून मान मिळतो. मला तो आत काही नाही म्हणून मिळाला.

तलावावर शिकवणाऱ्या बाईंना मुले मागून बेडूकबाई म्हणत. पहिल्या दिवशी त्या सगळ्यांना काठावर पालथे झोपवून बेडकासारखे पाय मारायला लावत, म्हणून हे नाव. त्यांना ते ठाऊक होते. त्यांची शिकवण्याची एक रीत होती आणि ती त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळाली होती. सुरुवातीला मी रिकामा असे. बाई मला शिकणाऱ्याच्या पाठीला बांधत आणि तो तरंगे. मग दर आठवड्याला त्या गुपचूप माझे बूच काढून आत पेलाभर पाणी घालत. माझा आधार तेवढा कमी होई आणि शिकणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नसे. मला बांधायचे ते पाण्यात उतरल्यावर आणि सोडायचे तेही पाण्यातच, म्हणजे वजन कळू नये. होता होता मी गच्च भरे. त्या दिवशी मुलगा तलाव पार करून आला की बाई सगळ्यांसमोर बूच काढत आणि माझ्यातले पाणी त्याच्या डोक्यावर ओतत. "घे! डबा भरलेला होता. तू एकटाच पोहलास!"

मुलांना हे फार आवडे. ज्याच्या डोक्यावर पाणी ओतले जाई तो त्या गुपितात सामील होई आणि पुढच्याला सांगत नसे. त्या आरडाओरड्यात मलाही बरे वाटे. मोठ्या माणसाचे काय होईल, हा विचार तोवर कोणाला करावा लागला नव्हता.

एके दिवशी बायकांच्या वेळेला शिंपीणबाई आल्या. वय पन्नाशीच्या पुढचे. त्यांचे शिवणाचे दुकान तलावाच्या मागच्याच गल्लीत होते. तलावावर येणाऱ्या निम्म्या बायकांच्या कमरेची मापे त्यांना पाठ होती. आता त्याच बायकांसमोर त्यांना अंगाला चिकटणाऱ्या कपड्यांत उभे राहायचे होते. म्हणून त्यांनी स्वतःच एक पोहण्याचा पोशाख शिवला होता, गडद निळा, ढगळ, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा. त्या पाण्यात उतरल्या आणि त्यात हवा भरली.

"मावशी, तुम्हाला डबा कशाला? तुमचा झगाच पुरे!" बेडूकबाई म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. शिंपीणबाईही हसल्या, पण मी तोवर त्यांच्या पाठीवर होतो. पत्र्यातून मला त्यांच्या छातीची धडधड ऐकू येत होती. ते हसणे वरवरचे होते.

शिंपीणबाई हौशी होत्या. आधी त्या चित्रे काढायला शिकायला गेल्या आणि ते सुटले. मग गाणे धरले, तेही सुटले. टेबल टेनिसची बॅट तर अजून शिवणाच्या मशीनखाली पडली होती. त्यांचे यजमान घड्याळे दुरुस्त करत. पहिल्याच दिवशी ते काठावरच्या जाळीपाशी येऊन बेडूकबाईंना म्हणाले, "आमच्या हिची हौस म्हणजे चावीचं घड्याळ. चावी संपली की टिकटिक बंद. तुम्ही फार जीव लावू नका."

शिंपीणबाई पाण्यातूनच म्हणाल्या, "बरं, ऐका तर मग. ह्या वेळी अर्ध्यावर सोडलं, तर पुन्हा कशाचं नाव काढणार नाही. मशीन आणि मी. पण हा तलाव मी पार केला, तर तुम्ही परत घड्याळाचं नाव काढायचं नाही."

"कबूल," यजमान म्हणाले.

ते चेष्टेत बोलले होते. शिंपीणबाईंची धडधड मात्र चेष्टेची नव्हती.

त्या रोज येऊ लागल्या. बांधून घेताना मला थोपटत आणि मोठ्याने बोलत, "धर हं बाबा मला. तुझ्यावर सगळी मदार." परत आल्या की म्हणत, "शाबास रे माझ्या पत्र्या!" बायकांची वेळ संपता संपता मुलींची तुकडी येऊन काठावर बसत असे. त्या मुली एकमेकींना कोपराने ढोसून खुदुखुदु हसत. शिंपीणबाईंना वाटे, आपल्या झग्याला हसतात. त्यांनी झग्याला दोन ठिकाणी चुण्या घातल्या, तरी हसणे थांबेना.

मला कारण ठाऊक होते. माझ्यात पाणी वाढत होते. ज्या डब्याला त्या शाबासकी देत होत्या, तो त्यांना धरतच नव्हता. लाज वाटण्यासाठी अंगावर कातडी लागत नाही, मित्रांनो. पत्रा असला तरी पुरतो.

तलावाचा वार्षिक दिवस आला. काठावर खुर्च्या मांडल्या होत्या. आईबाप आले होते, शिंपीणबाईंची गिऱ्हाइके आली होती, यजमानही आले होते. बेडूकबाईंच्या मनात होते की मावशींचा मान सगळ्यांसमोर करावा. त्यांचा हेतू चांगला होता, हे मी आजही सांगेन.

लहान लहान मुली डब्याशिवाय पोहून गेल्या. मग पन्नाशीपुढच्या शिंपीणबाई पाठीवर डबा घेऊन निघाल्या. तेवढ्यानेच त्यांचे कान लाल झाले होते. तरी त्या हात मारत राहिल्या. खोल पाणी आले, गेले. त्या पलीकडच्या काठाला लागल्या.

"मावशी, डबा तसाच राहू द्या, वर या!" बेडूकबाई ओरडल्या.

शिंपीणबाईंनी पायरीवर पाय ठेवला आणि अंग पाण्याबाहेर काढले. मी गच्च भरलेलो होतो. त्यांना वाटले कोणी मागून ओढले. त्या धपकन पायरीवर बसल्या. लोक हसले. तेवढ्यात बेडूकबाई आल्या, त्यांनी मला सोडवून घेतले, बूच काढले आणि सगळे पाणी त्यांच्या डोक्यावर ओतले.

"घ्या! डबा भरलेला होता! मावशी एकट्याच पोहल्या!"

टाळ्या कडाडल्या. मुली नाचू लागल्या. "आम्हाला माहीत होतं! आम्हाला कधीचं माहीत होतं!" आणि यजमान पोट धरून म्हणाले, "म्हणजे अख्ख्या तलावाला माहीत, आणि हिला तेवढं नाही! अगं, भरल्या डब्याला शाबासकी देत होतीस होय?"

शिंपीणबाईंनी तोंडावरचे पाणी पुसले. त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. मला बगलेत धरून त्या कपडे बदलायच्या खोलीत गेल्या आणि मला बाकावर ठेवून माझ्याकडे पाठ करून बसल्या.

बेडूकबाई मागोमाग आल्या. "मावशी, रागावलात का?"

"सगळ्यांना माहीत होतं?"

"अहो, इथली रीतच आहे ती. मुलांना तर..."

"त्या दात पडलेल्या चिमुरडीलाही?"

बेडूकबाई हातातले बूच बोटांत फिरवू लागल्या.

"मी ह्याच्याशी बोलायचे, बाई. मोठ्याने बोलायचे. आणि त्या ऐकून हसायच्या." शिंपीणबाईंनी पदर शोधावा तसा झग्याचा काठ तोंडाशी धरला. "मला वाटायचं, माझी शिलाई चुकलीय."

"पण मावशी, तुम्ही पोहलात ना! एकट्या पोहलात. ते का विसरता?"

"मी पोहले, तेव्हा मला माहीतच नव्हतं. मग ते माझं कसं? दुसऱ्याने शिवलेल्या कपड्यावर मी माझ्या दुकानाची पट्टी लावत नाही."

त्या निघून गेल्या. मला कोठीच्या खिळ्यावर अडकवण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. आठवडा गेला. बायका पाण्यात उभ्या राहून बोलत, "दुकानात गेले होते काल. मशीन चालवत होती खाली मान घालून. मी तलावाचा विषय काढला, तर म्हणते, बाही किती ठेवू?" दुसरी म्हणे, "झालं. चावी संपली."

बेडूकबाई मुलींना शिकवत, पण पाण्याचा पेला हातात घेतला की त्यांचा हात थबके. वडिलांची रीत चुकली असे म्हणवत नव्हते आणि बरोबर होती असेही वाटत नव्हते.

मग एका सकाळी शिंपीणबाई आल्या. हातात घरचा पितळी पेला होता. त्या कोणाशी न बोलता पाण्यात उतरल्या, माझ्याशिवाय. काठाची दांडी सोडली आणि बुडाल्या. नाकातोंडात पाणी गेले. खोकत खोकत वर आल्या आणि पुन्हा दांडी सोडली. पुन्हा तेच. जे अंगाला जमत होते ते कळल्याबरोबर अंगातून निघून गेले होते. काठावर कोणीतरी फिसकन हसले.

"बघितलंत?" त्या धापा टाकत बेडूकबाईंना म्हणाल्या. "माहीत नव्हतं तेव्हा पोहले. माहीत झालं तर बुडाले. आता डबा द्या. रिकामा. आणि ह्यात पाणी घालायचं ते मी घालणार. तुम्ही हात लावायचा नाही."

बेडूकबाईंनी मान खाली घातली. "चुकलं माझं, मावशी. मोठ्या माणसाला विचारायला हवं होतं."

"लहानांनाही विचारा," शिंपीणबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या मला काठावर ठेवत, बूच काढत आणि सगळ्यांच्या देखत आपल्या पेल्याने पाणी घालत. मग आपणच पट्टे आवळत. माझ्याशी बोलणे मात्र बंद झाले. काठावरच्या बायका म्हणत, "अहो, येत होतं की हिला! मग हे कशाला परत?" कोणी म्हणे, "वय झालं की असंच होतं." ते सगळे त्यांच्या कानावर पडे. कान लाल होत, पण पेला थांबत नसे. कधी त्या पेला भरून नुसत्याच बसून राहत आणि म्हणत, "आज नाही. आज जीव घाबरा होतोय." एकदा तर घातलेले पाणी त्यांनी परत काढलेही. सगळ्यांसमोर काढले. मला वाटते, पोहण्यापेक्षा ते अवघड होते.

असा मी पुन्हा गच्च भरलो. त्या सकाळी तलावावर विशेष कोणी नव्हते. टॉवेल घरी राहिला म्हणून यजमान तो द्यायला आले होते आणि जाळीपाशी उभे होते. शिंपीणबाई निघाल्या. हात वाकडे पडत होते, मान अवघडली होती, पण धडधड शांत होती. खोल पाणी पार करून त्यांनी पलीकडची दांडी धरली. मग एका हाताने त्यांनी पट्ट्याची गाठ सोडली आणि मला पाण्यात सोडून दिले.

भरलेला डबा तरंगत नाही, मित्रांनो. मी सावकाश तळाला गेलो. तिथून मी वर पाहिले. निळ्या झग्याचा मोठा ढग माझ्यावरून परत चालला होता. पाय बेडकासारखे हलत होते. आजवर मला त्यांची पाठ तेवढी ठाऊक होती, त्या पोहताना कशा दिसतात हे मी त्या दिवशी पाहिले. सुंदर नव्हते ते. पण त्यात माझे काही नव्हते, बेडूकबाईंचे काही नव्हते.

बेडूकबाईंनी बुडी मारून मला वर काढले तेव्हा यजमान टॉवेल पुढे करून म्हणत होते, "चल आता. थंडी भरेल. आणि त्या घड्याळाचं... ते राहू दे." त्यांचेही कान लाल झाले होते.

"थांबा जरा," शिंपीणबाई म्हणाल्या. "अजून एकदा जाऊन येते."

पुढे मुलीसुद्धा आपला आपला पेला घरून आणू लागल्या. जिला पाणी घालायचे ती घाली, जिला नको ती म्हणे, आज नको. त्यानंतर प्लास्टिकच्या रंगीत फळ्या आल्या आणि आम्हा डब्यांचे काम संपले. शिंपीणबाईही तलावावर यायच्या थांबल्या. ऐकतो की त्या आता सायकल शिकतात आणि कुंपणांना धडकतात.

मित्रांनो, उद्या तुमची आजी गाण्याच्या वर्गाला निघाली, तुमचे बाबा पहिल्यांदा बॅट धरायला गेले किंवा शेजारचे काका नाच शिकू लागले, तर त्यांचा हात वाकडा पडणार, ताल चुकणार. त्या माणसाला ते तुमच्याआधी ठाऊक असते. त्याच्या पाठीवरच्या डब्यात काय भरता ते त्याला विचारून भरा. आणि हसू आवरत नसेल, तर काठावर कोरडे बसून हसू नका. पाण्यात उतरा, त्याच्या शेजारी चार हात मारा, आणि मग दोघे मिळून हसा.