दोन जावांचे अंगठे

फिजिओथेरपिस्ट प्रीतीच्या कोपर गावातल्या दवाखान्यात सोमवारी आणि गुरुवारी आवडाबाई यायच्या, मंगळवारी आणि शुक्रवारी चांगुणाबाई. दोघी सख्ख्या जावा, एकाच बंगल्याच्या दोन मजल्यांवर राहणाऱ्या. दोघींचा उजवा अंगठा बुडाशी सुजलेला, आणि दोघींची डॉक्टरला अटही एकच, "माज्या जावेला कलता कामा नये."

आवडाबाई घरी सांगून निघायच्या की गावदेवीला जाते. चांगुणाबाई सांगायच्या की ब्लाउज शिवायला टाकते. त्या हिशेबाने गेल्या दोन महिन्यांत आवडाबाईंच्या खात्यावर सात पिढ्यांना पुरेल एवढं पुण्य जमा झालं होतं, आणि चांगुणाबाईंच्या ब्लाउजांना साड्या कमी पडायची वेळ आली होती. ब्लाउज कुणाला एकही दिसला नव्हता, पण कुणी विचारलंही नाही. ज्या घरात सगळेच सतत बोलत असतात तिथे विचारायला सवड कुणाला?

दुखणं भाकरीचं होतं. तांदळाची भाकरी, थापून थापून कागदाएवढी करायची, आणि तीही तीस-चाळीस वर्षं, दोन वेळा, शिवाय भाऊकीतल्या प्रत्येक हळदीला ढिगाने. प्रीतीने दोघींना वेगवेगळ्या दिवशी एकाच शब्दांत समजावलं होतं, "मावशी, अंगठ्याची दोरी एका नळीतून जाते. ती नळी सुजलीय. तुम्ही थापता तेव्हा दोरी आत घासते. तिला घासू द्यायचं नाही, एवढंच औषध." मग मनगटाला अंगठ्यासकट धरून ठेवणारा पट्टा, बर्फ, मशीन, आणि सूज उतरेल तसे हळूहळू व्यायाम. आवडाबाई त्याआधी दिवा गावच्या हाडवैद्य मारुतीकडे लचक काढून आल्या होत्या. मारुतीने अंगठा असा ओढला होता की तिथे नसलेली लचक भरली. चांगुणाबाईंनी आंबेहळदीचा लेप लावला होता, त्याने हात पिवळा झाला आणि दुखणं पहिल्याच रंगाचं राहिलं.

दोन महिन्यांत दोघी निम्म्याहून जास्त बऱ्या झाल्या, आणि नेमकं तेव्हाच धाकटे दीर रघू यांच्या मुलाचं, धनेशचं लग्न ठरलं. लग्न म्हणजे हळद, आणि हळद म्हणजे भाकऱ्या.

रघूभाऊ भला माणूस. ते सहज बोलून गेले, "वहिनी, यंदा भाकऱ्या बाहेरून मागवू. बायकांचा एक गट आहे, घरपोच देतात."

"भाइरच्या भाकऱ्या?" आवडाबाई म्हणाल्या.

"आमी काय मेलाव?" चांगुणाबाई म्हणाल्या.

कित्येक वर्षांत पहिल्यांदाच जावांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं पाहून रघूभाऊ इतके घाबरले की पुढे आठवडाभर जेवताना भाकरी हा शब्द टाळून "ते जरा इकडे दे" म्हणायचे.

सोमवारी प्रीती आवडाबाईंना म्हणाली, "मावशी, हळदीला थापायला बसलात तर केलेलं सगळं पाण्यात. मग सुई, नाहीतर ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतरही हात पहिल्यासारखा होईल का, मी लिहून देणार नाही."

"मना कलतंय गो. पन उजव्या चुलीवर मी आनि डाव्या चुलीवर ती, हे ठरलेला हाय. ती उठली का मी उठतंय. पयली मी नाय उठनार."

मंगळवारी चांगुणाबाई म्हणाल्या, "ती उठली का मी उठतंय. पयली मी नाय." फक्त चूल डावी.

जी पहिली उठते तिचं काय होतं हेही प्रीतीला दोन्हीकडून कळलं. तिला मानाने कूलरसमोरच्या खुर्चीत नेऊन बसवतात. हातात थंडाची बाटली देतात. शेजारी ऐकू न येणाऱ्या आज्या असतात. आणि त्या खुर्चीतून बाई परत चुलीपाशी गेली असं भाऊकीत आजवर घडलेलं नाही. "त्या खुर्चीत बसली ती फोटोतच गेली," असं आवडाबाई म्हणाल्या. चांगुणाबाई तेवढं लांब बोलल्या नाहीत, त्यांनी नुसता भिंतीकडे, फोटो लावायच्या खिळ्याएवढ्या उंचीवर हात केला.

प्रीतीला एक वाक्य बोलायचं होतं: अहो, तिचाही दुखतोय. एवढ्या एका वाक्याने चार मनगटांपैकी दोन वाचली असती. पण पेशंटचं दुखणं पेशंटचं. ते दुसऱ्याला सांगायचं नाही हे ती कॉलेजात शिकली होती, आणि मोहन्याला चाळीत वाढल्यामुळे न सांगण्याची किंमतही तिला कॉलेजाच्या आधीपासून ठाऊक होती. दोघींच्या मनगटांना तिने पट्टे बांधले होते, आता स्वतःच्या तोंडाला बांधला.

हळदीचं आमंत्रण तिला दोन आलं, दोघींकडून, एकमेकींना न कळता.

दुपारी चार वाजता ती पिवळा कुर्ता घालून पोचली तेव्हा पुढच्या अंगणात बेंजोवाले तारा जुळवत होते आणि मागच्या अंगणात ताडपत्रीखाली दोन चुली पेटल्या होत्या. बायका उकड काढत होत्या, मळत होत्या, भाजत होत्या. थापायला दोघी, समोरासमोर. पट्टे घरी ठेवलेले. दोघींच्या मनगटांवर पट्ट्याचे फिकट वळ होते आणि ते झाकायला दोघींनी कोपरापर्यंत बांगड्या भरल्या होत्या. बाकी जगाला तो लग्नातला थाट वाटला. प्रीतीला तो पुरावा दिसला.

आणि दोघी गात होत्या. हळदीची गाणी म्हणत थापायची रीतच आहे. पण प्रीतीच्या लक्षात आलं की सूर चढतोय तो गाण्याच्या जागी नाही, थापेच्या जागी. आवडाबाईंना कळ आली की त्या नवरदेवाच्या नावावर अशी तान घेत की चिमण्या उडत. त्यावर चांगुणाबाईंची कळ त्याच्या वरच्या पट्टीत.

"आज काक्यांचा आवाज काय लागलाय!" धनेशची बहीण निशिगंधा म्हणाली आणि मोबाइल काढून रेकॉर्ड करू लागली.

"थांब गं," प्रीती म्हणाली, आणि आपण काय करतोय हे स्वतःलाच नीट कळायच्या आत दोन चुलींच्या मधे बसली. "मावशी, मला शिकवा. मला भाकरी येत नाही."

हे साफ खोटं होतं. दहाव्या वर्षापासून ती भाकऱ्या थापत होती. म्हणूनच पुढचं काम अवघड होतं. हाताला येणारी गोष्ट हाताला न येऊ देणं याचा व्यायाम तिला कुणी शिकवला नव्हता. तिने गोळा घेतला, परातीत टाकला आणि डोळे मिटून बिघडवला. भाकरी झाली ती दिव्याच्या वस्तीसारखी, जागा मिळेल तिकडे वाढलेली.

दोन्ही गाणी बंद पडली.

"अगो, ह्या काय हाय?" आवडाबाई म्हणाल्या.

"भाकरी."

"भाकरी तुना बोलली का, का मी भाकरी हाय?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"पानी लाव हाताला," आवडाबाईंनी हुकूम सोडला.

"पानी नको गो, चिकटंल! पीठ लाव," चांगुणाबाई म्हणाल्या.

"पिठाची भाकरी तरकते!"

"पान्याची भाकरी तव्याला मिठी मारते!"

प्रीतीने पाणीही लावलं आणि पीठही. तव्यावर खळ तयार झाली. चांगुणाबाईंना ते बघवेना. त्यांनी गोळ्याला हात घातला, "सरक, बग, असा—"

"नको!" प्रीती ओरडली. "करून दाखवू नका, मावशी. करून दाखवलं की मला कळत नाही. सांगा. मला सांगितलेलंच कळतं."

"एवरी शिकलेली, आनि बगून कलत नाय?" चांगुणाबाईंना दया आली. दया आली की माणूस हात मागे घेतो आणि तोंड पुढे करतो. त्यांनी हात कमरेवर ठेवला. ते पाहून आवडाबाईंनीही ठेवला, कारण चांगुणाबाई उभी राहून शिकवणार आणि आपण बसून थापणार म्हणजे ती मास्तरीण आणि आपण मजूर, हा हिशेब त्यांना एका क्षणात जमला. दोघी एकदम उठल्या. इतक्या एकदम, की पहिली कोण यावर भाऊकीत आजही दोन मतं आहेत.

मग प्रीतीने खरा तोल सांभाळला. एकदम चांगली भाकरी केली तर शिकवणी संपली, आणि वाईटच करत राहिलं तर रघूभाऊंच्या पाहुण्यांनी खायचं काय? म्हणून एक बरी, एक वाकडी, मग दोन बऱ्या, मग मधे भोक पडलेली. बरी झाली की आवडाबाई म्हणायच्या, "पान्याचा गुन!" वाकडी झाली की म्हणायच्या, "पिठाचा!" चांगुणाबाईंचा हिशेब बरोबर उलटा.

एक शिष्या दोघींना पुरेना. आवडाबाईंनी निशिगंधाला खेचलं, तिच्या ऑफिसातल्या सान्वीला खेचलं. चांगुणाबाईंनी नवरदेवाच्या तीन मित्रांना पकडून त्यांच्या हातांची घड्याळं काढायला लावली. पाणीवाले एका बाजूला, पीठवाले दुसऱ्या. रघूभाऊ तव्यापाशी उभे केले गेले आणि पहिलीच भाकरी उलटताना त्यांनी बोटं भाजून घेतली. बेंजोवाल्यांना कळलं की खरी हळद मागे चालू आहे, ते तारा-वायरींसकट मागच्या अंगणात आले. ठेका धरला तसे हात आपोआप चालायला लागले. कुणाची भाकरी त्रिकोणी, कुणाची पानासारखी. सान्वीची एक चुकून गोल झाली तर टाळ्या पडल्या. एवढ्यात अंगभर हळद लावलेला धनेश मित्रांना शोधत आला आणि त्यालाही बसवलं. त्याची भाकरी पिवळीधमक निघाली. ती कुणी खायची यावर भांडण झालं आणि शेवटी बेंजोवाल्याने खाल्ली.

दोघी जावा मधून फिरत होत्या, हातात एकेक उलथनं, हुकूम देत, मापं काढत, एकमेकींच्या शिष्यांना नावं ठेवत. "तुज्या पोराचे भाकरीला कान हायेत!" "तुजे पोरीच्या भाकरीला डोले! बगतंय माज्याकरं!" कूलरसमोरची खुर्ची तशीच रिकामी होती. तिच्यावर कुणीतरी पातेलं ठेवलं होतं.

रात्री आईचा फोन आला. मोहन्याहून आईने जेवलीस का हेही आधी विचारलं नाही. तिच्या पिढीतल्या आपल्या लोकांना दुसऱ्यांच्या चुलीपाशी बसू देत नसत. म्हणाली, "चुलीपाशी बसू दिलं?"

"बसू काय दिलं, आई, उठू देईनात," प्रीती म्हणाली आणि फोन डाव्या हातात घेतला. उजवा अंगठा बुडाशी ठणकत होता.

लग्नात तिने अक्षता डाव्या हाताने टाकल्या. गर्दी एवढी होती की नवरी कुणाला धड दिसली नाही, पण ही गोष्ट दोन जणींना दिसली. अशा बायकांच्या नजरेतून काही सुटत नाही, आणि हळदीच्या त्या भाकऱ्या पाहता हातून अन्नही वाया जात नाही.

सोमवारी सकाळी आवडाबाई आपल्या ठरल्या वेळी आल्या. दार लावून घेतलं, पिशवीतून आपला पट्टा काढला आणि टेबलावर ठेवला. "घाल. बोलू नको. मना माहीत हाय, भाकऱ्यांनी झाला."

"अहो मावशी, मला काही—"

दार उघडलं. वार सोमवार असताना चांगुणाबाई आत आल्या. एका हातात आंबेहळदीची वाटी, दुसऱ्या हातात उंच धरलेला पट्टा. "डॉक्टरबाय, माजा पट्टा आनलाय बग, तुना—"

तोच रंग, तीच वेलक्रोची पट्टी, अंगठ्याला तेच भोक. टेबलावर एक, हवेत एक.

 दोन महिने राखलेलं गुपित तिच्याच दवाखान्यात, तिच्याच अंगठ्यापायी फुटलं होतं, आणि ती एक शब्दही बोलली नव्हती.

"काय गो चांगुना," आवडाबाई सावकाश म्हणाल्या, "ब्लाउज शिवाला आलीस वाटतं?"

"व्हय. आनि तुजी गावदेवी इकरं रावाला आली वाटतं?"

 आवडाबाईंना हसू फुटलं. चांगुणाबाईंनी वाटी खाली ठेवली, कारण ती आता हातात राहणार नव्हती. दोघी इतक्या हसल्या की एकमेकींना धरायला लागलं, आणि धरलं ते नेमकं दुखऱ्या हातांनी, त्यामुळे हसताहसता दोघी "आई गो!" म्हणून ओरडल्या, पुन्हा एकाच पट्टीत.

"म्हंजे हलदीला तू गात नव्हतीस?"

"तू गात व्हतीस काय?"

हसू ओसरल्यावर दोघींनी मोर्चा डॉक्टरकडे वळवला, आणि तिने पहिल्या दिवशी त्यांची केली होती तीच तपासणी तिची सुरू केली. "बस," आवडाबाई म्हणाल्या. "अंगठा मुठीत घे."

"मूठ करंगलीकरं वाकव," चांगुणाबाई म्हणाल्या.

"आई गं!"

"दुखनारच," दोघी एका सुरात म्हणाल्या. "अंगठ्याची दोरी एका नलीतून जाते. ती नली सुजलीय. तिला घासू द्याचा नाय, एवराच औषद."

आपलं वाक्य आपल्यालाच, आगरी होऊन, दोन तोंडांनी परत मिळालं. प्रीतीने निमूट हात पुढे केला. आता पट्टा कुणाचा घालायचा हा प्रश्न आला. आवडाबाईंचा आधी आला होता. चांगुणाबाईंचा स्वच्छ होता. शेवटी उजव्या हाताला एक आणि काहीही न झालेल्या डाव्या हाताला दुसरा असा निकाल लागला, आणि डॉक्टर दोन्ही हात पुढे धरून स्वतःच्याच पेशंटच्या खुर्चीत बसली.

"पुडच्या महिन्यात कोपरला अजून एक हलद हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "तवा मी कूलरसमोर बसतंय. पोरा थापतील, मी बगतंय."

"तू कशी बसशील? खुर्ची येकच हाय. माजा जास्त दुखतंय."

"तुजा काय दुखतंय? सूज माजी मोठी. इचार डॉक्टरला."

"आदी कोन आलेला? सोमवार आदी का मंगलवार आदी?"

दारात नवा पेशंट उभा होता, दिवसभर माउस हलवून मनगट धरलेला कुणी तरुण. आत दोन्ही हात बांधलेली डॉक्टर आणि भांडणाऱ्या दोन बाया पाहून तो मागे फिरायला लागला. चांगुणाबाईंनी त्याला दंडाला धरून आत ओढलं, डाव्या हाताने.

"घाबरू नको रे, बस. अंगठा मुठीत घे," आवडाबाई म्हणाल्या. "आनि सांग, आमच्यातली जास्त आजारी कोन दिसतंय?"