शिफूंच्या हातून उडणारे

फान शिफू आमचे युद्धकलेचे गुरू. त्यांनी हात लावला की माणूस उडायचा. अंगणाच्या उत्तरेकडच्या भिंतीला त्यासाठीच एक जुनी गादी ठोकून ठेवली होती. समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट टेकवायचं. शिफू डोळे अर्धवट मिटायचे, कोपर जरासं वळायचं, की शिष्य धाडकन गादीवर.

हे असं उडणं कुणी कुणाला शिकवत नाही. मी नवीन होते तेव्हा शिफूंनी ढकललं आणि मी आपली जागच्या जागी उभी. दिवसभर स्कूटर दुरुस्त करणारी बाई मी, पाय भक्कम. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी गुरूच्या ताटात थुंकले. आमचे थोरले गुरुबंधू द्वान दादा जवळ येऊन पुटपुटले, "अंगानं ऐकायला शीक, यूनशी. तुझ्या अंगाला कान नाहीत." दुसऱ्या दिवशी मी उडाले. म्हाताऱ्याचा चेहरा इतका खुलला की मग रोजच उडत राहिले. समोरच्याच्या जोराला जोर लावायचा नाही, त्याला वाट करून द्यायची, ही त्यांची शिकवण. आम्ही त्यांनाच वाट करून देत होतो, एवढंच.

त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. पण हौ लेई नावाच्या पोरानं घोळ घातला. तो शहरात जिम चालवतो, हातमोजे घालून मारामारी शिकवतो आणि फोनवर व्हिडिओ टाकतो. एका व्हिडिओत म्हणाला, रेशमी कोट घातलेले म्हातारे फक्त स्वतःच्या शिष्यांना उडवतात, हिंमत असेल तर मला उडवून दाखवा. कुणीतरी तो शिफूंना दाखवला. शिफू शांतपणे म्हणाले, "रविवारी येतो म्हणून कळवा."

शुक्रवारी मी गेले तर त्यांची बायको, आमच्या शिमू, पिशवीत मलमाची बाटली आणि पट्ट्या भरत होत्या.

"हे कशाला, शिमू?"

"त्या पोरासाठी गं. हे म्हणतात, हाडबिड मोडलं तर लगेच बांधायला हवं."

आतून शिफूंचा आवाज आला, "मी जपूनच ढकलेन. पण तरुण पोरं जोरात आदळतात." त्यांची सत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. हा माणूस हे सगळं खरंच मानत होता.

बाहेर द्वान दादा सायकलला कुलूप लावत होते. मी त्यांना गाठलं.

"दादा, तो त्यांना मारून टाकेल. कुणीतरी सांगायला हवं."

"काय सांगायचं?"

"की आपण उडतो. आपणहून."

"तू उडत असशील आपणहून." दादा कुलपाकडेच बघत होते. "माझं तसं नाही. मला आतून काहीतरी येतं."

"काय येतं?"

"येतं काहीतरी." मग चिडून म्हणाले, "तीस वर्षं येतोय मी इथं, यूनशी. तू मला काय विचारतेयस ते तुला तरी कळतंय का? आणि एवढंच असेल तर तूच सांग. जीभ तर तुझी कात्रीसारखी चालते."

जीभ चालते खरी, पण हे तोंडातून निघेना. कसं सांगणार? शब्दांनी सांगितलं असतं तर ते हसले असते. शनिवारी सकाळी शिफूंसमोर माझा नंबर लागला. मी मनगट टेकवलं, पाय रोवले आणि ठरवलं, आज हलायचं नाही.

शिफूंचं कोपर वळलं. मी उभी. त्यांनी डोळे उघडले. पुन्हा ढकललं, या वेळी खांद्यातून. त्यांचा हात हलका होता, आजारी माणूस दार लोटतो तसा. मी उभीच. मागे कुणीतरी घसा खाकरला.

"अंगाचे कान गेले का तुझ्या?" शिफूंनी विचारलं.

"ऐकू येतंय, शिफू. पण ढकललं जात नाहीये."

द्वान दादा पुढे धावले. "तिची पाठ धरलीये, शिफू. मी येतो. या, मला ढकला." शिफूंनी हात नुसता वर केला, आणि दादा गादीवर जाऊन आदळले. हात अजून त्यांना लागलाही नव्हता.

शिफूंनी सगळ्यांना घरी पाठवलं, मला थांबवलं. शिमूंनी राळ्याची पेज आणून ठेवली. ती निवत गेली.

"द्वानसुद्धा?"

"हो."

"सगळे?"

"सगळे, शिफू." मला रडू फुटलं.

त्यांनी वाडगा बाजूला सारला. "मी माझ्या शिफूंच्या हातून उडायचो," ते म्हणाले. "फार छान उडायचो. माझी नक्कल करायचे लोक. आणि मनात म्हणायचो, बाकीचे खरे उडतात, माझंच अंग बहिरं आहे. शरमेनं जीव जायचा. मग शिफू गेले, माझ्या हातून माणसं उडायला लागली. म्हटलं, आलं एकदाचं."

"उद्या जाऊ नका. मी फोन करते, बरं नाही म्हणून सांगते."

"जाणार." ते उठले. "त्या पोराचं माझ्याशी काही नातं नाही. तो मला खरं ढकलेल."

रविवारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं. त्यांच्यासाठी एवढं तरी करावं, असं वाटलं. जिममध्ये गर्दी, सगळ्यांचे फोन वर. आमचे गुरुबंधू एका कोपऱ्यात अंग चोरून उभे. हौ लेई पुढे आला, बैलासारखी मान, पण पोरगेल्या चेहऱ्याचा. त्यानं हातमोजे काढून ठेवले, वाकून नमस्कार केला, मनगट पुढे केलं. शिफूंनी त्यावर आपलं टेकवलं आणि दात आवळून, होती नव्हती ती ताकद लावून ढकललं. असं ढकलताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

हौ लेई मागे उडाला. दोन कोलांट्या खाऊन चटईच्या कडेला जाऊन पडला. हात जोडून म्हणाला, "मानलं, शिफू. माझं चुकलं."

जिम दणाणून गेली. द्वान दादा ढसाढसा रडत होते, ज्याला त्याला सांगत होते, "मी म्हणत होतो ना? मी म्हणतच होतो." फक्त शिफू जागेवरून हलले नाहीत. त्यांचे हात तसेच पुढे राहिले होते.

मी जिन्यात त्या पोराला गाठलं. "का पडलास?"

तो ओशाळला. "ताई, त्यांचे हात थरथरत होते. माझे आजोबाही असेच होते. एवढ्या लोकांदेखत कसं पाडायचं त्यांना?"

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पायाही पडावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही.

परतीच्या वाटेवर, गावाच्या अलीकडे, शिफूंनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांबव." दोन्ही बाजूंना पोटरीवर आलेला गहू. ते उतरले, कोट काढून स्कूटरवर ठेवला, बांधावर जाऊन उभे राहिले.

"त्याच्या हातात काहीच नव्हतं," ते म्हणाले. "रिकामा हात. तोही चांगल्या घरचा निघाला." ते माझ्याकडे वळले. "जन्मभरात एकाही माणसानं मला खरं ढकललं नाही, यूनशी. तू ढकल."

"शिफू, नको."

"काल उभी राहिलीस ना? मग आता हेही कर."

मी त्यांच्या छातीवर तळवे ठेवले. सदऱ्याखाली बरगड्या लागत होत्या. मला वाटलं, हळूच लोटावं, त्यांना कळणार नाही. पण कालपासून त्यांना सगळं कळत होतं. मी पाय रोवले आणि ढकललं. ते मागे धडपडले, पाय एकमेकांत अडकले आणि गव्हात सपशेल उताणे पडले.

मी धावले. त्यांनी हातानं मला थांबवलं. कोपर खरचटलं होतं, केसांत माती. तसेच पडून ते श्वास घेत राहिले.

"असं असतं होय," ते म्हणाले. मग गुडघ्यावर हात टेकून कसेबसे उठले, बांधावर आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि पावलं थोडी फाकवली.

"पुन्हा ढकल. पाय कसे ठेवायचे, ते मला शिकायचंय."