डावीकडचं पॅनल

बाबा चहाला आत गेले, की त्यांनी बसवलेलं पॅनल मी गुपचूप उघडायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

आमचं गॅरेज घराला लागूनच आहे. मधे एक दार, दाराच्या वरच्या भागाला काच. काचेच्या अलीकडे बाबांचं आणि माझं राज्य, पलीकडे आईचं. बाबांना सगळे उस्ताद म्हणतात. मला कुणी काही म्हणत नाही, निदान तोंडावर तरी नाही. नाकावर राग आणि हातात पाना असलेल्या बाईला कोण काय म्हणणार? इंजिन मी बघते. बाबांकडे उरलं होतं ते मोठ्या मोटरसायकलींचं प्लास्टिक. पुढून आणि दोन्ही बाजूंनी गाडीला झाकणारी ती चकचकीत पॅनलं, फेअरिंग म्हणतात त्याला. आतलं काम करायचं तर ती उतरवायची, काम झालं की परत चढवायची. ऐकायला सोपं वाटतं ना? एकदा करून बघा. पॅनलला आतून नाजूक कान असतात, ते खाचेत बसवायचे असतात. जरा चुकीच्या बाजूने ओढलंत की कान मोडला, आणि मग गाडी जन्मभर खुळखुळ्यासारखी वाजत फिरते.

बाबांची एक पद्धत होती. जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, त्यावर पॅनलचा आकार काढायचा, जिथे जिथे स्क्रू तिथे तिथे भोक पाडायचं, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू आपापल्या भोकात खोचून ठेवायचा. एकाच पॅनलला आखूड, लांब, डोक्याखाली कडं असलेले कॉलरवाले असे तऱ्हेतऱ्हेचे स्क्रू असतात, शिवाय मधोमध दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या क्लिपा. पुठ्ठा असला की घोळ होत नाही. बसवताना सगळे स्क्रू आधी हातानेच सैल धरवायचे, मग आवळायचे. "प्लास्टिकला जोर दाखवू नकोस," मला म्हणायचे, "ते तुझ्या आईसारखं आहे. गप्प बसतं, गप्प बसतं, आणि एकदम तडकतं."

"मी गप्प कधी बसले होते?" आतून आईचा आवाज यायचा.

मग बाबा मोठ्या आजारातून उठले आणि त्यांचे हात थरथरायला लागले. स्क्रू भोकाशी नेईपर्यंत दोनदा खाली पडायचा. मी पाठ करून उभी राहायचे, म्हणजे मला दिसलं नाही असं त्यांना वाटावं. त्यातच एका गाडीला एक क्लिप बसवायची राहिली. पॅनल रस्ताभर फडफडत गेलं आणि गाडीवाला हसत परत आला. "उस्ताद, माझी गाडी टाळ्या वाजवते की!" बाबाही हसले. रात्री मात्र ताट तसंच बाजूला सारलं.

त्यांना काम सोडा म्हणणं माझ्याच्याने होईना. काम काढून घेतलं तर हा माणूस भिंतीकडे बघत बसेल आणि वाळून जाईल, हे मला दिसत होतं. पण लोक त्या गाड्यांवर जीव टाकून बसतात, तेही दिसत होतं. म्हणून मी मधला मार्ग काढला. त्यांनी बसवायचं, आत जायचं, आणि मी उघडून, तपासून, जसंच्या तसं लावून ठेवायचं. ताकास तूर लागू दिली नाही. आणि गंमत बघा, त्या क्लिपेनंतर मला त्यांच्या कामात एकही चूक सापडली नाही. एकही. तरी मी उघडतच राहिले. शंकेचं काय, एकदा घरात घेतली की ती पाहुण्यासारखी थोडीच जाते?

त्या दिवशी शिंपीदादाची गाडी आली होती. पुढच्या चौकाजवळच्या गल्लीत त्याचं दुकान. आयुष्यभर पायमशीन दाबून दाबून त्याने ही मोठी गाडी घेतली, आणि चालवतो अशी, की सायकलवाली पोरं त्याला टाटा करून पुढे जातात. पाण्याचा पाइप गळत होता. बाबांनी पॅनलं उतरवली, मी पाइप बदलला, बाबा परत चढवायला बसले. वेळ लागला. लागू दे म्हटलं, गाडी उद्या सकाळी द्यायचीये.

झाल्यावर बाबा उठले. "मी आत जातोय," म्हणाले. दारापाशी जाऊन पुन्हा म्हणाले, "जातोय गं आत."

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन डाव्या पॅनलसमोर बसले, आणि मला माझीच लाज वाटली. जन्मदात्या बापाच्या पाठीमागे चोरासारखं किती दिवस बसायचं? ज्याने मला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते शिकवलं, त्याचाच स्क्रू मी रोज उलटा फिरवतेय. चूक तर निघतच नाही. बास झालं, म्हटलं. स्क्रूड्रायव्हर फळीवर ठेवून दिला.

तेवढ्यात शिंपीदादा दारात उभा. "झाली असेल तर नेऊ का? इकडूनच चाललो होतो." झाली होती, दिली. तो सावकाश निघाला. "जपून हो," मी ओरडले, "मागून गोगलगाय येतेय!" तोही हसला.

बाबा कप घेऊन बाहेर आले. "गाडी कुठे गेली?"

"आला आणि घेऊन गेला."

"नीट बघून दिलीस ना?"

मी काय सांगणार? आज बघितलं नाही म्हटलं, तर रोज बघते हे आलंच की. "हो, बघूनच दिली," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि चहा प्यायले.

चहाचे कप विसळायच्या आत वहिनींचा, म्हणजे शिंपीदादाच्या बायकोचा, फोन आला. "अगं, हे पडले. दुकानासमोरच पडले." तशीच तेलकट हातांनी पळत सुटले.

दादा दुकानाच्या पायरीवर बसला होता, उजवा हात छातीशी धरून, चेहरा पांढराफटक. गाडी गल्लीत आडवी. मी ती उभी केली, हँडल डावीकडे वळवलं, पूर्ण वळलं. उजवीकडे वळवलं आणि ते शेवटी टक्कन अडलं. वाकून बोट आत घातलं. डाव्या पॅनलच्या आतल्या बाजूला, जिथे आखूड स्क्रू हवा, तिथे लांब होता. त्याचं टोक बाहेर आलं होतं आणि हँडल वळलं की त्याच्यावर येऊन आपटत होतं. सरळ रस्त्यात कळलंच नसतं. दादाने गल्लीत गाडी उजवीकडे पूर्ण वळवायला घेतली, हँडल मधेच थांबलं, आणि तो हातावर पडला.

"दादा, चूक माझी," मी म्हटलं. "मी तपासून द्यायला हवी होती."

"असू दे गं," तो म्हणाला. आत शाळेच्या गणवेशांचं कापड बेतून ठेवलेलं होतं, गठ्ठेच्या गठ्ठे. वहिनी नुसत्या त्या गठ्ठ्यांकडे बघत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दवाखान्यात मनगट मोडलंय म्हणाले, प्लास्टर घातलं. कात्रीचा हात.

गाडी ढकलत परत आणली. पॅनल उघडून तो लांब स्क्रू काढला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला.

"बाबा, आता बास," मी म्हटलं. आवाज चढवणार नाही असं ठरवून आले होते, चढलाच. "दादाचा हात मोडला. उद्यापासून तुम्ही पॅनलला हात लावायचा नाही."

बाबांनी स्क्रू उचलला. मग म्हणाले, "मी मुद्दाम बसवला होता."

"काय?"

"तू माझ्यामागे सगळं उघडतेस. चष्मा विसरलो म्हणून परत येत होतो, काचेतून पाहिलं. एकदा नाही, कितीदा. म्हटलं, एक चुकीचा बसवून ठेवू. तू बदलशील. सकाळी तोच स्क्रू दाखवून तुला विचारू, हा कुणी बदलला? बघू काय तोंडाने उत्तर देतेस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, तोंडाने विचारायचं होतं ना! माणूस मेला असता!"

"तू तरी तोंडाने कुठे सांगितलंस?"

"आणि गाडी गेली म्हटल्यावर गप्प का बसलात? तेव्हाच थांबवलं असतं त्याला!"

"बघून दिली म्हणालीस ना! मला वाटलं, बदललास. रोज बदलतेस. आजच का नाही उघडलंस?"

मला सांगायचं नव्हतं. पण रागात माणसाच्या तोंडून खरं तेच बाहेर पडतं. "कारण तुमच्या कामात कधीच चूक निघत नव्हती! म्हटलं, माझ्या बापाला अजून सगळं येतं, आपण कोण तपासणारे!"

आई दारात येऊन उभी होती. नेहमी दोघांना गप्प करणारी बाई, पदराला हात पुसत नुसती उभी राहिली.

त्या रात्री मी बापाशी बोलले नाही. आळ आला होता तो माझ्यावर, दुकान बंद पडलं होतं ते दादाचं, आणि हे सगळं कशासाठी, तर म्हाताऱ्याचा मान! हात दाखवून अवलक्षण. मनात येईल ते सगळं बोलून घेतलं मी त्यांना, उशीत तोंड खुपसून.

सकाळी बाबा स्वच्छ शर्ट घालून निघाले. "शिंप्याला मी सांगून येतो. तुझी चूक नव्हती." मी अडवलं नाही. जा म्हटलं, होऊ दे शोभा.

परत आले ते सरळ स्टुलावर बसले.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"ऐकूनच घेईना. मी सांगितलं, मुद्दाम केलं. हसला. म्हणतो, उस्ताद, वयोमानाने हात चुकतो, त्यात काय एवढं. पोरीला वाचवायला कशाला नसतं पाप डोक्यावर घेता? मी शपथ घेतली, तरी हसतोय. त्याच्या बायकोने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. जाताना हात धरून पायरी उतरवली." बाबांचा आवाज बारीक झाला. "मला पायरी उतरवली तिने."

अजून धुसफूस चालूच होती माझी.

"तू तरी मानतेस ना?" त्यांनी विचारलं. "मुद्दामच होतं ते. आखूड स्क्रू मी काढून बाजूला ठेवला होता, आहे माझ्याकडे. थांब, दाखवतो."

त्यांनी खिसे चाचपले. मग आठवलं, कालचा शर्ट. तो आईने धुतला होता, आणि खिशात काही नव्हतं म्हणाली. पुठ्ठा बघितला. आखुडाचं भोक रिकामं होतं, लांबाचंही. मग खाली वाकून फरशी बघायला लागले. फरशी मी सकाळीच झाडली होती.

"राहू दे बाबा."

"राहू दे कसं? इथेच ठेवलाय." त्यांनी सुट्या स्क्रूंचा जुना डबा फळीवर पालथा केला. शंभर गाड्यांचे स्क्रू त्यात. ते एकेक उचलून उजेडाकडे धरायला लागले. हात इतके थरथरत होते, की अर्धे स्क्रू खाली गेले. मी उचलून देत होते, ते परत टाकत होते.

"हा!" ते एकदम म्हणाले. तोंडभर हसले. "हाच बघ. म्हटलं नव्हतं?"

मी तो हातात घेतला. कॉलरवाला स्क्रू होता, जाड आट्यांचा, कुठल्या तरी जुन्या स्कूटरचा. शिंपीदादाच्या गाडीत तो शिरलाच नसता. ज्या माणसाने मला अंधारात, नुसत्या बोटांनी स्क्रू ओळखायला शिकवलं, तो माणूस माझ्यासमोर बसून तो स्क्रू मला दाखवत होता, आणि माझ्या तोंडाकडे बघत होता.

काल रात्री माझा राग किती भक्कम होता. मी तो शोधला, कुठे मिळेना.

"हो बाबा," मी म्हटलं, "हाच."

"मग? मुद्दामच होतं ना?"

"मुद्दामच होतं. चांगलीच फजिती केलीत माझी."

त्यांनी समाधानाने मान हलवली, आणि मी खाली बसून फरशीवरचे स्क्रू गोळा करायला लागले, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसू नये.